पडणारा माणूस तरंगतो तेव्हा
वजनरहित अवस्था आणि मुक्त पतन यांची ओळख

मीरा-भाईंदर रस्त्यावरील सिल्व्हर पार्क परिसर आता उंच इमारतींनी वेढलेला आहे. तेथे राहणाऱ्या माणसाचा दिवस लिफ्टने सुरू होतो आणि लिफ्टनेच संपतो. २०२५ सालच्या जुलै महिन्यात तेथील एका कुटुंबाला भेट देऊन आम्ही परत निघालो. लिफ्टपर्यंत पोहोचवायला घरातला दहावीतला मुलगा बरोबर आला होता. भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला त्या दिवसांत आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकात होते आणि त्यांची तरंगतानाची दृश्ये घरोघरी पाहिली जात होती. लिफ्टचे दार बंद होता होता मुलाने विचारले, "फादर, वर गुरुत्वाकर्षण नसते, म्हणूनच ते तरंगतात ना?"

उत्तर देण्यापूर्वीच लिफ्ट खाली निघाली आणि नेहमीप्रमाणे पोटात क्षणभर गोळा आला. आम्ही त्याला एवढेच म्हटले, "आत्ता पोटात जे झाले ना, त्यातच तुझ्या प्रश्नाचे उत्तर आहे." तळमजला येईपर्यंत संपूर्ण उत्तर देणे शक्य नव्हते. ते येथे देत आहोत, कारण हा समज केवळ त्या मुलाचा नाही. पुष्कळ सुशिक्षित मंडळीही अवकाशात गुरुत्वाकर्षण नाही असेच मानतात. दहावीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील गुरुत्वाकर्षणाच्या प्रकरणात मुक्त पतन आणि वजनरहित अवस्था दोन्ही आहेत. परंतु परीक्षेसाठी व्याख्या पाठ होतात आणि त्यांचा एकमेकींशी असलेला संबंध मात्र निसटतो.

गुरुत्वाकर्षण संपते कोठे?

प्रथम तो समज तपासू या. अवकाशस्थानक पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. मुंबईहून कोल्हापूरला जाताना रस्त्याने आपण जवळपास एवढेच अंतर कापतो. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे. गुरुत्वाकर्षण मोजायचे असते ते पृथ्वीच्या केंद्रापासून. म्हणजे ४०० किलोमीटर वर गेल्याने केंद्रापासूनचे अंतर ६,३७१ वरून ६,७७१ इतकेच होते. न्यूटनच्या नियमानुसार हिशेब केला, तर तेथील गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के भरते. जमिनीवर गुरुत्व त्वरण प्रति सेकंद वर्ग ९.८ मीटर असते. तेथे ते सुमारे ८.७ असते.

तेव्हा पृथ्वीची ओढ तेथे जवळजवळ तेवढीच आहे. ती नसती, तर स्थानक पृथ्वीभोवती फिरलेच नसते. सरळ रेषेत दूर निघून गेले असते. मग ओढ आहे आणि वजन मात्र नाही, हे कसे?

वजन आपल्याला कोण सांगते?

येथे आपल्या नेहमीच्या अनुभवाकडे बारकाईने पाहिले पाहिजे. पृथ्वीची ओढ आपल्याला प्रत्यक्ष जाणवत नाही. जाणवतो तो पायांखालच्या जमिनीचा, खुर्चीचा किंवा अंथरुणाचा वर येणारा रेटा. पृथ्वी आपल्याला खाली ओढते आणि जमीन आपल्याला अडवते. या अडवण्याच्या जाणिवेलाच आपण व्यवहारात वजन म्हणतो. वजनकाटाही हेच मोजतो. त्याच्यावर आपण किती दाब देतो, एवढेच त्याला कळते.

समजा, ६० किलो वस्तुमानाचा एक मनुष्य वजनकाटा घेऊन लिफ्टमध्ये उभा राहिला. लिफ्ट थांबलेली असताना काटा ६० दाखवील. लिफ्टने खाली जाण्यास सुरुवात केली आणि तिचा वेग प्रत्येक सेकंदाला एक मीटरने वाढू लागला, की काटा सुमारे ५४ वर येईल. पोटात गोळा येतो तो याच वेळी. पुढे लिफ्टचा वेग कायम झाला, की काटा पुन्हा ६० दाखवील. म्हणजे लिफ्ट चालते आहे यामुळे फरक पडत नाही. तिचा वेग बदलतो आहे यामुळे पडतो. उलट, लिफ्ट त्याच त्वरणाने वर निघाली तर काटा ६६ पर्यंत जाईल. या सर्व वेळी त्या मनुष्याचे वस्तुमान बदललेले नाही आणि पृथ्वीची ओढही बदललेली नाही. बदलला तो केवळ पायांखालचा रेटा.

आता हाच विचार शेवटापर्यंत नेऊ. लिफ्टला कसलाही आधार उरला नाही आणि ती प्रति सेकंद वर्ग ९.८ मीटर या पूर्ण त्वरणाने पडू लागली, अशी कल्पना करा. मनुष्यही त्याच त्वरणाने पडणार आणि काटाही. काटा पायांखालून तितक्याच वेगाने निसटत असल्याने त्यावर दाब पडणारच नाही. काटा शून्य दाखवील. मनुष्य लिफ्टच्या आत तरंगू लागेल. केवळ गुरुत्वाकर्षणाच्या प्रभावाखाली होणाऱ्या अशा पडण्याला मुक्त पतन म्हणतात, आणि त्या वेळच्या शून्य काट्याला वजनरहित अवस्था. दोन्ही एकाच घटनेची नावे आहेत. वजनरहित अवस्थेत गुरुत्वाकर्षण नाहीसे होत नाही. नाहीसा होतो तो आधार.

हे घरी पडताळून पाहता येते. प्लास्टिकच्या बाटलीला तळाशी बारीक भोक पाडून तीत पाणी भरा आणि झाकण उघडे ठेवा. बाटली हातात धरली, की भोकातून धार लागते. आता ती खांद्याच्या उंचीवरून खालच्या बादलीत सोडून द्या. पडण्याच्या त्या अर्ध्या सेकंदात धार थांबलेली दिसेल. बाटली आणि पाणी बरोबरीने पडत असल्याने पाण्याचा तळावर भारच राहत नाही. मोबाईलवर संथ गतीचे चित्रीकरण केल्यास हे स्पष्ट दिसते. मात्र हा प्रयोग घरातच करावा. गॅलरीतून किंवा गच्चीवरून काहीही टाकू नये.

जड आणि हलके बरोबर का पडतात?

यात एक गोष्ट आपण गृहीत धरली. मनुष्य, काटा आणि लिफ्ट ही सारी एकाच त्वरणाने पडतात, असे आपण म्हटले. जड वस्तू आधी पडेल, असे सामान्य बुद्धी सांगते आणि ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलच्या प्रभावामुळे शतकानुशतके तसेच शिकवलेही गेले. गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे घरंगळत सोडून या मताची परीक्षा घेतली. पडणारी वस्तू काळाच्या वर्गाच्या प्रमाणात अंतर कापते, हा त्याचा निष्कर्ष १६३८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर, दोन सेकंदांत मिळून १९.६ मीटर, असा तो क्रम आहे.

या इतिहासातील एक प्रकरण आपल्या वाचकांना विशेष ठाऊक नसावे. इटलीतील बोलोन्या येथील येशूसंघीय धर्मगुरू जोव्हान्नी बात्तिस्ता रिच्चोली यांना गॅलिलिओच्या मांडणीविषयी शंका होती. ती त्यांनी वादविवादाने नव्हे, तर मोजणीने सोडवायची ठरवली. त्या काळी सेकंद मोजणारे भरवशाचे घड्याळ नव्हते. म्हणून त्यांनी लंबक तयार केले. एका लंबकाची परीक्षा घेण्यासाठी नऊ सहकारी धर्मबंधूंनी आळीपाळीने चोवीस तास बसून सुमारे ८७,००० हेलकावे मोजले. त्यानंतर १६४०च्या दशकात आसिनेल्ली नावाच्या सुमारे ९७ मीटर उंच मनोऱ्यावरून गोळे सोडून त्यांच्या पडण्याचा काळ मोजण्यात आला. फ्रान्चेस्को मारिया ग्रिमाल्दी हे दुसरे येशूसंघीय या कामात त्यांच्या बरोबर होते. निष्कर्ष गॅलिलिओच्या बाजूने लागला आणि रिच्चोलींनी तो १६५१ सालच्या आपल्या ग्रंथात प्रामाणिकपणे नोंदवला. समान आकाराच्या गोळ्यांपैकी जड गोळा किंचित आधी पोहोचतो, हेही त्यांनी टिपले. तो फरक हवेच्या विरोधामुळे पडतो. येथे हेही सांगितले पाहिजे की पृथ्वी फिरते हे मत रिच्चोलींनी स्वीकारले नव्हते. एका प्रश्नात ते चुकले. पण जे स्वतः मोजले, ते त्यांनी लपवले नाही.

हवा नसेल तर काय होते, हे २ ऑगस्ट १९७१ रोजी जगाने पाहिले. अपोलो-१५ मोहिमेतील डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभे राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडले. दोन्ही बरोबरच खाली टेकली.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनीही या प्रश्नात लक्ष घातले. निरनिराळ्या पदार्थांच्या पडण्यात अगदी सूक्ष्म तरी फरक असेल काय, हे तपासण्यासाठी त्यांनी कर्नाटकातील गौरीबिदनूर येथे जमिनीखालील प्रयोगशाळेत बारीक तारेला टांगलेल्या अतिसंवेदनशील तराजूने प्रयोग केले. सृष्टीचा हा समभाव अजूनपर्यंत कोठेही मोडलेला आढळला नाही.

पडत राहणारा चंद्र, पडत राहणारे स्थानक

आता अवकाशस्थानकाकडे वळू. न्यूटनने एक कल्पना मांडली होती. अतिउंच पर्वतावर तोफ ठेवून गोळा आडवा डागला, तर तो काही अंतरावर जमिनीवर पडेल. वेग वाढवला तर आणखी दूर पडेल. पृथ्वी सपाट नाही. दर ८ किलोमीटर अंतराला तिचा पृष्ठभाग सुमारे ५ मीटर खाली वळतो. पडणारी वस्तूही पहिल्या सेकंदात सुमारे ५ मीटरच खाली येते. तेव्हा गोळ्याचा वेग सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर असेल आणि हवेचा अडथळा नसेल, तर तो जितका खाली पडेल तितकीच जमीनही त्याच्यापासून खाली वळत जाईल. गोळा पडतच राहील. जमिनीला मात्र कधीच टेकणार नाही. याचेच नाव कक्षा.

अवकाशस्थानकाचे नेमके हेच चालले आहे. सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेगाने ते पुढे जाते, आणि त्याच सेकंदात पृथ्वीकडे चार मीटरांहून थोडे अधिक पडते. सुमारे दीड तासात त्याची एक प्रदक्षिणा पूर्ण होते. चंद्रही असाच पडतो आहे. तो पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ६० पट दूर असल्याने त्याचे पडणे सेकंदाला जेमतेम १.४ मिलिमीटर आहे. झाडावरून पडणारे फळ आणि आकाशातला चंद्र एकाच नियमाने बांधलेले आहेत, हे न्यूटनने ओळखले. १६८७ सालच्या त्याच्या ग्रंथाचे मोठेपण यात आहे.

म्हणजे शुभांशू शुक्ला तरंगत होते ते पडत होते म्हणून. स्थानक, त्याच्या भिंती, आतली हवा, माणसे आणि त्यांचे जेवण हे सारे एकाच त्वरणाने पडत असल्याने कोणीच कोणाला अडवत नव्हते. आधार तुटलेल्या लिफ्टमधला मनुष्य आणि कक्षेतला अंतराळवीर यांची स्थिती भौतिकशास्त्राच्या दृष्टीने सारखीच आहे. भेद इतकाच की अंतराळवीराच्या वाटेत तळमजला येत नाही.

बर्न येथील पेटंट कार्यालयात नोकरी करीत असताना, १९०७ साली, ॲल्बर्ट आईन्स्टाईनच्या मनात हाच विचार आला होता: पडणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवणार नाही. आपल्या आयुष्यातील तो सर्वांत आनंददायी विचार होता, असे त्याने पुढे नमूद केले. त्यातूनच १९१५ साली व्यापक सापेक्षतेचा सिद्धांत पूर्ण झाला. पुण्याच्या आयुका या संस्थेच्या प्रांगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आईन्स्टाईन यांचे पुतळे आहेत. त्या संस्थेचे संस्थापक संचालक आणि गुरुत्वाकर्षणाचे थोर अभ्यासक डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी दिवंगत झाले. अवघड विज्ञान सोप्या मराठीत सांगता येते, हे त्यांनी आयुष्यभर दाखवून दिले.

आधार नसलेल्या देहाचे काय होते?

शुक्ला २५ जून २०२५ रोजी निघाले, दुसऱ्या दिवशी स्थानकात पोहोचले आणि १५ जुलै रोजी पृथ्वीवर परतले. १९८४ साली सोव्हिएत यानातून गेलेल्या राकेश शर्मा यांच्यानंतर ४१ वर्षांनी भारताचा नागरिक पृथ्वीच्या कक्षेत गेला. शुक्लांच्या शिदोरीत गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस होता. त्यांनी तेथे मेथी आणि मुगाला मोड आणण्याचा प्रयोग केला. आपल्या स्वयंपाकघरात मूळ खाली आणि कोंब वर जातो. जेथे खाली-वर ही जाणीवच नाही, तेथे बियाणे कसे वागते, हा प्रश्न पुढच्या लांबच्या प्रवासांसाठी महत्त्वाचा आहे.

तरंगणे पाहायला मौजेचे वाटते. देहाला ते महाग पडते. भार नसल्याने स्नायू क्षीण होतात. कंबर आणि मांडी यांसारख्या भार वाहणाऱ्या हाडांची घनता महिन्याला सुमारे एक ते दीड टक्का घटू शकते. म्हणून तेथे रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. पट्ट्यांनी स्वतःला यंत्राशी बांधून धावावे लागते. सुनीता विल्यम्स यांचा काही दिवसांचा नियोजित मुक्काम २०२४-२५ साली २८६ दिवसांवर गेला, तेव्हा जगाला जी चिंता लागली होती तिचे एक कारण हेच होते. शुक्लांनी परतल्यावरचा एक अनुभव सांगितला आहे. पलंगावर बसून काम आटोपल्यावर त्यांनी लॅपटॉप सहज बाजूला हवेत सोडला. तो तरंगेल असे त्यांच्या मनाने धरले होते. तो अर्थातच खाली पडला.

जमीन येते तेव्हा

येथपर्यंत पडण्याची निरुपद्रवी बाजू पाहिली. आपल्या भागात मात्र या शास्त्राला दुसरी, गंभीर बाजू आहे. अंतराळवीराला न भेटणारी जमीन इतर सर्वांना भेटते, आणि फार लवकर भेटते. इजा पडण्याने होत नाही, ती अकस्मात थांबण्याने होते.

गोपाळकाल्याच्या दिवशी मुंबई-ठाण्याच्या रस्त्यांवर गोविंदांचे थर लागतात. २०१२ साली ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने सुमारे ४३ फुटांचा, म्हणजे १३ मीटरांचा मनोरा रचून विश्वविक्रम नोंदवला होता. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने थरांना २० फुटांची मर्यादा घातली. २०१७ साली न्यायालयाने उंचीचा निर्णय विधिमंडळावर सोपवला; १४ वर्षांखालील मुलांना सहभागी करून घेणार नाही, असे शासनाने सांगितले. २०२२ साली राज्य शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देण्याची घोषणा केली. या साऱ्या वादात एक साधा हिशेब क्वचितच मांडला जातो. २० फुटांवरून, म्हणजे सुमारे ६ मीटरांवरून, पडणारा मुलगा सव्वा सेकंदाच्या आत जमिनीवर येतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे ३९ किलोमीटर असतो. १३ मीटरांवरून हाच वेग ताशी सुमारे ५७ किलोमीटर होतो. उंची दुप्पट झाली म्हणून वेग दुप्पट होत नाही, हे खरे. पण थांबताना देहाला सोसावी लागणारी ऊर्जा मात्र दुप्पटच होते.

आता थांबण्याकडे पाहू. ६ मीटर पडलेला देह डांबरी रस्त्यावर ५ सेंटिमीटरांत थांबला, तर त्याला गुरुत्व त्वरणाच्या सुमारे १२० पट झटका बसतो. तोच देह जाड गादीवर किंवा खालच्या गोविंदांच्या हातांवर ६० सेंटिमीटरांत थांबला, तर झटका दहा पटींवर येतो. पडणे तेच, वेगही तोच. फरक थांबण्याच्या अंतराचा. शिरस्त्राण, गादी आणि वरच्या मुलाला बांधलेला सुरक्षा-दोर यांचे महत्त्व या एका भागाकारात आहे. परांचीवर काम करणाऱ्या मजुरालाही हाच हिशेब लागू पडतो. ५ मीटरांवरून पडायला एकच सेकंद लागतो. तेवढ्या वेळात हात पुढे करून काही पकडण्याचे भानही राहत नाही. सुरक्षा-पट्टा आधीच अडकवलेला असावा लागतो.

लिफ्टची भीती मात्र बरीच अनाठायी आहे. १८५४ साली न्यूयॉर्क येथे एलिशा ओटिस यांनी स्वतः लिफ्टवर उभे राहून तिचा दोर कापायला लावला आणि आपल्या सुरक्षा-यंत्रणेने ती जागीच अडकते हे लोकांना दाखवले. आजच्या लिफ्टला एकाहून अधिक दोर असतात, आणि वेग मर्यादेबाहेर गेला की पकडी रुळांना घट्ट आवळतात. जमिनीवर आदळण्याच्या क्षणी उडी मारली की माणूस वाचतो, ही कल्पना निराधार आहे. सात मजले पडलेल्या लिफ्टचा वेग ताशी सुमारे ७० किलोमीटर असेल. उडीने त्यातून ताशी दहाएक किलोमीटरच वजा होतील. खरा धोका वेगळा आहे. पाळणा आलेला नसताना दार उघडून आत पाऊल टाकणे, किंवा दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टमधून स्वतःच बाहेर पडण्याचा प्रयत्न करणे, यांतून माणूस विहिरीसारख्या त्या पोकळीत पडतो. लिफ्ट अडकली तर घंटा वाजवावी आणि जाणकार येईपर्यंत आतच थांबावे. अडकलेल्या लिफ्टमध्ये पायांखाली जमीन असते. बाहेर ती असेलच असे नाही.

तो मुलगा पुन्हा भेटला, तेव्हा आम्ही त्याला हे सारे थोडक्यात सांगितले. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे वजन वाटते ते कोणीतरी आपल्याला धरून ठेवलेले असते म्हणून." परीक्षेत या वाक्याला गुण मिळतील की नाही, ठाऊक नाही. शास्त्राच्या दृष्टीने ते अचूक आहे.